बावीस सेकंदांची पंधरा वर्षे

सन २००८ च्या ऑगस्ट महिन्यात बीजिंगच्या ऑलिंपिक तलावावर कोल्हापूरचा एक मुलगा शंभर मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये उतरला, आपल्या हीटमध्ये सर्वांच्या आधी भिंतीला पोहोचला, आणि तरीही त्या शर्यतीपुरती त्याची स्पर्धा तेथेच संपली. कारण त्याची ५०.०७ सेकंदांची वेळ त्या हीटमधील इतरांपेक्षा सरस असली, तरी साऱ्या हीट मिळून पहिल्या सोळांत बसावयाचे तर ४८ सेकंदांच्या घरातील वेळ हवी होती. त्या शर्यतीचे सुवर्णपदक पुढे फ्रान्सच्या आलाँ बेर्नारने ४७.२१ सेकंदांत मिळविले. म्हणजे बेर्नारचा हात भिंतीला लागावा त्या क्षणी ५०.०७ सेकंदांनी पोहणारा जलतरणपटू अद्याप पाच मीटरांहून अधिक मागे असावा. या मुलाचे नाव वीरधवल खाडे. जन्म २९ ऑगस्ट १९९१ चा, त्यामुळे वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्यासही अजून काही दिवस उरले होते. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा भरली, तेव्हा याच मुलाने आपल्या वयाच्या परदेशी स्पर्धकांना मागे टाकून सुवर्णपदके मिळविली आणि महाराष्ट्रातील घराघरांत त्याचे नाव पोहोचले.

ऑगस्टातील वीरधवल आणि ऑक्टोबरातील वीरधवल यांच्या सामर्थ्यात विशेष अंतर नव्हते; अंतर होते ते प्रतिस्पर्ध्यांच्या वयात. कुमारांच्या स्पर्धेत नियमच मुलाचे रक्षण करतो. अमुक तारखेपूर्वी जन्मलेल्यास येथे प्रवेश नाही, एवढे एक वाक्य त्याच्या पाठीशी उभे असते. प्रौढांच्या स्पर्धेत ते वाक्य नाहीसे होते. तेथे शेजारच्या लेनमध्ये सोळा वर्षांचा मुलगा असेल आणि पस्तीस वर्षांचा गृहस्थही असेल, आणि टचपॅड दोघांचीही जन्मतारीख विचारीत नाही. कुमार गटातून प्रौढ गटातील आंतरराष्ट्रीय शर्यतीत जाणे म्हणजे या रक्षणावाचून उभे राहणे होय. आपल्याकडील बहुतेक गुणी मुले हरतात ती पाण्यात नव्हे, या दोन अवस्थांमधील मोकळ्या जागेत. आणि ती जागा ओलांडून देणे हे एकट्या मुलाचे काम नसून त्याच्याभोवतीच्या समाजाचे, संस्थांचे आणि शासनाचे काम आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

इरई धरणाचे पाणी आणि भोवतालच्या खाणींतील कोळसा यांवर चालणाऱ्या चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या आश्रयाने वसलेल्या ऊर्जानगरातून हा विषय मांडताना, समुद्रापासून शेकडो कोस दूर, मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या या मुलखाचा जलतरणाशी संबंध काय, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर या लेखाच्या उत्तरार्धात येईल. तूर्त एवढेच म्हणावयाचे की वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्या चंद्रपूर आणि गडचिरोली या ज्या दोन जिल्ह्यांच्या अंगाखांद्यावरून वाहतात, तेथील पोरांना पाणी परके नाही. परका आहे तो पाण्यापासून पदकापर्यंतचा रस्ता.

हा रस्ता कोठे अवघड होतो, हे प्रथम शरीराच्या अंगाने पाहू. बारा ते पंधरा या वयात मुलांची वाढ एकसारखी होत नाही. ज्याची उंची आणि खांदे लवकर भरतात, तो आपल्या वयोगटात सहज पहिला येतो, त्याच्या नावावर विक्रम लागतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात. पुढे तीन-चार वर्षांनी मागे राहिलेली मुले उंचीने आणि ताकदीने त्याच्या बरोबरीस येतात, आणि ज्याला आपण प्रतिभा समजत होतो तिचा काही भाग केवळ लवकर आलेल्या वाढीचा होता, हे घड्याळ निष्ठुरपणे दाखवून देते. उलटपक्षी उशिरा वाढणारा मुलगा, ज्याला कोणी विचारले नाही आणि जो कंटाळून निघून गेला, तोच कदाचित पुढे अधिक वेगवान ठरला असता. मुलींच्या बाबतीत हा काळ अधिक नाजूक. वयात येताना शरीराची घडण बदलते, पाण्यातील तोल बदलतो, रक्तातील लोहाचे प्रमाण खालावू शकते, आणि वर्ष-दीड वर्ष वेळेत एका दशांशाचीही सुधारणा होत नाही. ही अवस्था स्वाभाविक आहे हे ज्या प्रशिक्षकास ठाऊक आहे तो धीर धरतो. ज्यास ठाऊक नाही तो वजनावरून बोलतो, आणि एक चांगली जलतरणपटू पाण्यातून कायमची बाहेर पडते.

दुसरी अडचण तंत्राची. पन्नास मीटरांची फ्रीस्टाइल पाहणाऱ्यास ती निव्वळ ताकदीची दौड वाटते. वस्तुतः ब्लॉकवरून सूर मारण्याचा क्षण, पाण्यात शिरण्याचा कोन, पृष्ठभागाखाली मारावयाच्या डॉल्फिन किक, ज्यांना पंधरा मीटरांची मर्यादा आहे, आणि अखेरचा हात श्वास न घेता भिंतीवर कसा टाकावयाचा याचे गणित, या चार गोष्टींत शर्यत जिंकली वा हरली जाते. कुमार गटात यांपैकी एखादी कच्ची असली तरी अंगच्या वेगावर निभावते. प्रौढ गटात ती उघडी पडते. शिवाय मोठ्या स्पर्धेत एकदा वेगाने पोहून भागत नाही. सकाळी हीट, मग बहुधा उपान्त्य फेरी, मग अंतिम. आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा सरस पोहावयाचे. शर्यतीपूर्वी कॉलरूममध्ये आठही जण शेजारी शेजारी बसविले जातात. कोणी टोपी ओढतो, कोणी मांड्यांवर थापा मारतो, कोणी समोर पाहत निश्चल बसतो. ज्यांची नावे आजवर केवळ निकालपत्रांत वाचली, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून ती पंधरा-वीस मिनिटे काढणे हीदेखील एक विद्या आहे, आणि ती घरच्या तलावावर शिकता येत नाही.

वीरधवलने ही विद्या संपादन केली. कोल्हापूर सोडून तो बंगळुरूस निहार अमीन या प्रशिक्षकांकडे गेला, ज्यांना पुढे द्रोणाचार्य पुरस्काराने गौरविण्यात आले. सन २०१० च्या नोव्हेंबरात चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्याने पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांत कांस्यपदक मिळविले. या पदकाचे मोल समजण्यास इतिहास पाहावा लागतो. आशियाई स्पर्धांच्या पहिल्याच अधिवेशनात, १९५१ साली दिल्लीस, सचिन नाग यांनी शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकले होते. १९८६ साली सेऊलमध्ये खजान सिंग यांनी दोनशे मीटर बटरफ्लायमध्ये रौप्य मिळविले. आणि त्यानंतर चोवीस वर्षे या देशाच्या जलतरणाची आशियाई पाटी कोरी राहिली होती. ती कोरी पाटी एकोणीस वर्षांच्या मराठी तरुणाने भरली. पुढील वर्षी त्यास अर्जुन पुरस्कार मिळाला. कुमार वीरधवल प्रौढांच्या मांडवात दाखल झाला होता, आणि जलतरणातील पुरुषांच्या सामर्थ्याची परमावधी साधारणतः विशीच्या मध्यास येते हे लक्षात घेता, त्याची उत्तम वर्षे अद्याप पुढेच होती.

येथे या हकीकतीस वळण लागते, आणि तेच या लेखाचे मर्म आहे. महाराष्ट्र शासनाने आपल्या या गुणी खेळाडूस तहसीलदाराचा हुद्दा देऊन शासकीय सेवेत घेतले. हेतू निःसंशय चांगला होता. पोहणाऱ्यास क्रिकेटपटूप्रमाणे कोट्यवधींचे करारमदार लाभत नाहीत, आणि तिशीनंतर चूल कशावर पेटावी हा प्रश्न त्याच्या आईबापांस पहिल्या दिवसापासून भेडसावीत असतो. परंतु तहसीलदारी म्हणजे नाममात्र मानाची जागा नव्हे. जमिनीचे फेरफार, महसुलाची वसुली, गौण खनिजाचे मामले, पूर आणि वादळ यांचे पंचनामे, निवडणुकीची कामे, वरिष्ठांचे हुकूम आणि रयतेचे अर्ज यांनी तिचा दिवस भरलेला असतो. वीरधवलने मालवण येथे ती जबाबदारी सांभाळली. समोर समुद्र पसरलेला, पण शर्यतीचा सराव समुद्रात होत नाही. त्यास लेनचा दोर, तळाची काळी रेघ, घड्याळ आणि प्रशिक्षकाची नजर लागते. सन २०१२ च्या लंडन ऑलिंपिकात तो नव्हता, आणि २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेतही तो नव्हता. वयाच्या एकविसाव्या आणि तेविसाव्या वर्षी, जेव्हा त्याच्या पिढीचे परदेशी जलतरणपटू ऐन भरात होते, तेव्हा ग्वांगझूचा पदकविजेता मोठ्या तलावांपासून दूर होता.

विद्युत केंद्रात ज्यांनी आयुष्य घालविले, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. चालू संच बंद करावयास फार वेळ लागत नाही. पण पूर्ण थंड झालेला संच पुन्हा पेटवून, बाष्पाचा दाब चढवून, टर्बाइन गतीस आणून जाळ्याशी जोडावयाचा म्हटला की तासांचे तास जातात, आणि घाई केल्यास धातूस तडे जातात. जलतरणपटूच्या शरीराचेही असेच. सराव तुटला की पाण्याची पकड पहिल्याने जाते, मग दमसास, मग स्नायूंची गती. आणि परत येताना त्या साऱ्यांची क्रमाने पुनर्बांधणी करावी लागते.

वीरधवलने ती केली. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या सकाळच्या हीटमध्ये त्याने २२.४३ सेकंदांची वेळ दिली आणि स्वतःचाच २२.५२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. तो जुना विक्रम २००९ सालचा होता. आणि २००९ हे पॉलियुरेथेनच्या त्या पोशाखांचे वर्ष, ज्यांच्या काळात रोम येथील एकट्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ४३ जागतिक विक्रम झाले आणि ज्यांवर १ जानेवारी २०१० पासून बंदी आली. त्या वर्षीचे आकडे साध्या कापडी पोशाखात मोडावयास जगभरच्या जलतरणपटूंना कष्ट पडले. वीरधवलने आपला आकडा नऊ वर्षांनी, मधला खंड पोटात घालून मोडला. सायंकाळी अंतिम शर्यत झाली. चीनच्या यू हेशिनने २२.११ सेकंदांत सुवर्ण घेतले, जपानच्या कात्सुमी नाकामुराने २२.२० मध्ये रौप्य, आणि जपानच्याच शुनिची नाकाओने २२.४६ मध्ये कांस्य. वीरधवलची वेळ २२.४७.

एक शतांश सेकंद. त्या वेगाने पोहणारा माणूस एका शतांशात सव्वादोन सेंटिमीटरांच्या आतबाहेर अंतर कापतो. म्हणजे हाताच्या एका बोटाच्या रुंदीहून फार अधिक नव्हे. सकाळची २२.४३ ही वेळ सायंकाळी पुन्हा आली असती तर कांस्यपदक कोल्हापुरास आले असते. सकाळी जे जमले ते सायंकाळी पुन्हा जमविणे, दडपणाखाली तेच शरीर त्याच ताणावर आणणे, ही प्रौढ आंतरराष्ट्रीय जलतरणाची खास कसोटी होय. आणि ती सवय विशीच्या पूर्वार्धात, वर्षास आठ-दहा मोठ्या अंतिम शर्यती पोहून अंगी मुरते. ती वर्षे मध्ये गेली नसती तर काय झाले असते, हे निश्चयाने कोणासच सांगता येणार नाही. पण सव्वादोन सेंटिमीटरांचे मोजमाप करताना गेलेल्या वर्षांचा हिशेब मांडू नये, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सिंगापूरचे उदाहरण या ठिकाणी मुद्दाम देण्याजोगे आहे. तेथे प्रत्येक तरुणास सक्तीची लष्करी सेवा बजावावी लागते आणि त्या नियमास अपवाद क्वचितच केला जातो. जोसेफ स्कूलिंग या तरुण जलतरणपटूची ती सेवा तेथील शासनाने पुढे ढकलली. तो टेक्सास विद्यापीठात शिकला, तेथेच सराव केला, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकात शंभर मीटर बटरफ्लाय ५०.३९ सेकंदांत जिंकून त्याने मायकेल फेल्प्सला मागे टाकले. सिंगापूरचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. शासनाने त्यास माफी दिली नव्हती, मुदत दिली होती. सेवा त्याने पुढे २०२२ साली सुरू केली. इनाम आणि मुदत यांत मोठा भेद आहे. इनाम झालेल्या कामाचे असते; मुदत होणाऱ्या कामासाठी असते. आपले राज्य इनाम देण्यात उदार आहे. मुदत देण्याचा शिरस्ता मात्र अद्याप पडावयाचा आहे.

मुदत मिळाली म्हणजे प्रत्येकजण जिंकेलच असे नाही, आणि उशीर झाला म्हणजे सारे संपले असेही नाही. लिथुएनियाच्या रूता मेलुत्यते हिने पंधराव्या वर्षी लंडन ऑलिंपिकात सुवर्ण जिंकले, बाविसाव्या वर्षी निवृत्ती घेतली, आणि पुन्हा परत येऊन २०२२ साली पन्नास मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. अमेरिकेच्या अँथनी अर्विनने पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे ऑलिंपिक सुवर्ण २००० साली एकोणिसाव्या वर्षी वाटून घेतले आणि २०१६ साली पस्तिसाव्या वर्षी ते पुन्हा एकट्याने पटकाविले. आपल्या देशात केरळचा साजन प्रकाश सत्तावीस वर्षांचा असताना, जून २०२१ मध्ये रोम येथे दोनशे मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहला आणि ऑलिंपिकची थेट पात्रता-वेळ गाठणारा पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. पाठोपाठ बंगळुरूचा श्रीहरी नटराज शंभर मीटर बॅकस्ट्रोकमध्ये दुसरा ठरला. या साऱ्यांत समान दुवा एकच: कोणी ना कोणी त्यांना सतराव्या वर्षानंतरही पाण्यात ठेवले, किंवा परत पाण्यात येऊ दिले.

आपल्याकडे नेमके सतरावे वर्षच घातक ठरते. राष्ट्रीय कुमार स्पर्धांतील पंधरा ते सतरा वयाचा गट संपतो त्याच सुमारास बारावीची परीक्षा, प्रवेशपरीक्षा आणि वसतिगृहाचा शोध एकदम दाराशी येतात. पहाटे साडेचारला उठून दोन तास, सायंकाळी पुन्हा दोन तास, मध्ये व्यायामशाळा, हा क्रम आणि शिकवणीवर्गांचे वेळापत्रक यांची सांगड बसत नाही. आईबाप पहिले बंद करतात ते पोहणे. मुंबईच्या अपेक्षा फर्नांडिस हिने २०२२ साली पेरूतील लिमा येथे जागतिक कुमार अजिंक्यपद स्पर्धेत दोनशे मीटर बटरफ्लायची अंतिम फेरी गाठली. तेथवर पोहोचलेली ती पहिली भारतीय मुलगी. अशा मुलींची पुढील सहा वर्षे कोण वाहणार, हा प्रश्न पदकाच्या बातमीहून महत्त्वाचा आहे. लग्नानंतर मुली पोहणे सोडतात या समजुतीस उत्तर वीरधवलच्याच घरात आहे: पत्नी ऋजुता खाडे हिने २०२३ च्या गोवा राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत महिलांची पन्नास मीटर फ्रीस्टाइल जिंकली, आणि पुरुषांची पन्नास मीटर फ्रीस्टाइल वीरधवलने. मधल्या काळात, २०२० साली साथीमुळे तलाव बंद असताना, आपणास निवृत्तीचा विचार करावा लागेल असे त्याने जाहीरपणे म्हटले होते. तरी तो तीन वर्षे अधिक पोहला, आणि गोव्यातील सुवर्णानंतर बत्तिसाव्या वर्षी त्याने स्पर्धात्मक जलतरणाचा निरोप घेतला. बीजिंगपासून पंधरा वर्षे. जकार्ताच्या सकाळचे २२.४३ हे त्या पंधरा वर्षांतील सर्वोत्तम फळ.

आता ऊर्जानगराकडे येऊ. शेजारच्या गडचिरोलीतील चामोर्शी, अहेरी, सिरोंचा या बाजूंची नदीकाठची मुले पुरात ज्या धिटाईने पोहतात ती पाहून कोणाही प्रशिक्षकाचे मन हरखेल; परंतु नदीतले पोहणे तरून जाण्यासाठी असते, त्यात डोके पाण्याबाहेर असते, आणि शर्यतीचे पोहणे त्याच्या नेमके उलट, मान तळाकडे लावून, अंग शक्य तितके आडवे ठेवून करावयाचे असते. हा पालट आठव्या-नवव्या वर्षी सहज घडतो, पंधराव्या वर्षी कष्टाने. त्यासाठी ठरावीक लांबीचा तलाव हवा, नियमांनुसार २५ ते २८ अंश तपमानाचे पाणी हवे, जे चंद्रपूरच्या उन्हाळ्यात उघड्या तलावात राखणे सोपे नाही. आणि जेथे वाघ-बिबट्यांच्या वावरामुळे अंधारात एकटे घराबाहेर पडू नये असे सांगितले जाते, तेथे पहाटेच्या सरावास मूल सुरक्षितपणे पोहोचेल अशी वाहनाची सोयही हवी. या अडचणी खऱ्या आहेत, पण दुर्लंघ्य नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातीलच आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टचे शिखर गाठले; निवड, प्रशिक्षण, आहार आणि खर्च यांची तरतूद शासनाने एकत्र केली तेव्हा ते घडले. विदर्भाच्याच कांचनमाला पांडे या दृष्टिहीन जलतरणपटूने २०१७ साली मेक्सिकोत जागतिक पॅरा अजिंक्यपद स्पर्धेचे सुवर्ण जिंकले. गुणांचा दुष्काळ या भूमीत नाही.

फरक एवढाच की शिखर एका मोहिमेत सर होते, आणि जलतरणपटू घडावयास बारा-पंधरा वर्षांचे सातत्य लागते. मोहिमेची तरतूद एका आदेशाने होते, सातत्याची तरतूद दरवर्षी नव्याने मंजूर करावी लागते आणि अधिकारी बदलले तरी टिकवावी लागते. म्हणून मागणे मोजके आहे. कुमार गटात राष्ट्रीय पदक मिळविणाऱ्या मुलामुलीस सतराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत निर्वाहवेतन आणि शिक्षणात वर्ष पुढे ढकलण्याची मुभा मिळावी. खेळाडूस शासकीय नोकरी जरूर द्यावी, पण स्पर्धात्मक कारकीर्द संपेपर्यंत त्याची तैनाती सरावाच्या तलावाजवळ असावी, सरावाची रजा हक्काची असावी, आणि प्रत्यक्ष कारभाराची सूत्रे त्याने नंतर हाती घ्यावीत. आईबापांनी बाराव्या वर्षीच्या पदकाने हुरळून जाऊ नये आणि सोळाव्या वर्षीच्या अडखळण्याने खचून जाऊ नये.

सन २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकात पन्नास मीटर बटरफ्लायचा प्रथमच समावेश होत आहे. वीरधवलने एकोणिसाव्या वर्षी ज्यात आशियाई पदक जिंकले तीच ही शर्यत, त्याच्या निवृत्तीनंतर आलेली. पुढचा वीरधवल आज महाराष्ट्रातील कोणत्या तरी तलावावर किंवा वैनगंगेच्या एखाद्या घाटावर पोहत आहे; सतरावे वर्ष उलटल्यावरही तो पाण्यात राहील एवढी तजवीज आपण आजच केली पाहिजे.